गोफणवाल्याची आई

"बोलतोय म्हनं ह्या खेपेला त्यो." सोनाबाईनं उंबऱ्यात पाय ठेवता ठेवताच सांगितलं. डोक्यावर भरली घागर तशीच होती. "चावडीपुढं गाडी उभी हाय. ढोल बडवून सांगाय लागल्यात. लाल गोफण, भाग तिसरा. आवाजासकट."

आण्णाप्पा खड्ड्यात पाय सोडून मागावर बसला होता. हातातला धोटा हातातच राहिला.

"आदी घागर उतर," तो म्हणाला.

"उतरते वं. मी काय म्हनाले ते कळलं न्हवं? त्यो आलाय. आता मायलेकरांची भेट हुनार."

आतल्या खोलीत सून, जयवंता, कांड्या भरत होती. तिच्या चरख्याची घरघर मधेच थांबली आणि पुन्हा सुरू झाली. सोनाबाईला ते कळलं नाही. आण्णाप्पाला कळलं.

"धनपाल सावकारास्नी आजच जाऊन भेटा," सोनाबाई घागर चुंबळीवर टेकवत म्हणाली. "पुढची जागा सांगून ठेवा. मागल्या खेपेला उचगावच्या बायका सकाळधरनं येऊन बसलत्या. आनि तुमीबी खेळाचं काय ते नीट ईचारून घ्या. सांगायचं तुमालाच हाय."

जो खेळ आपल्या तोंडानं बोलतो त्याला सांगणारा कशाला लागतो, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरानंही विचारलं असतं. सोनाबाईच्या मनात ते आलं नाही. आण्णाप्पानं धोटा खाली ठेवला, पायात वहाणा घातल्या आणि तो बाहेर पडला.

बेळगावशेजारच्या शहापुरातल्या कोष्ट्यांच्या गल्लीत त्याला सगळे बुवा म्हणत, पण तो बुवा नव्हता. तो झीलकरी. देवळात कीर्तन असलं की बुवांच्या मागं उभं राहायचं, झांज धरायची आणि बुवांनी धृपद टाकलं की ते उचलायचं. बुवांचा दम पुरेनासा झाला की दोन घोट पाणी पिऊन होईतोवर गाणं आपल्या गळ्यावर तोलून धरायचं. ज्यानं आयुष्यात एखादं तरी भरलेलं कीर्तन ऐकलं आहे त्याला ठाऊक आहे, की समेवर हार पडतो तो बुवांच्या गळ्यात. पण ती सम तिथवर पोचवलेली असते मागच्या माणसानं. आण्णाप्पाला त्याची खंत नव्हती. पांडुरंगानं आपल्याला मागं उभं केलं, पण उभं तर आपल्या दारात केलं, असं तो म्हणायचा.

उभ्या जन्मात अशी मागं उभं राहून ऐकलेली आख्यानं त्याच्या हाडामासात मुरली होती. म्हणूनच निपाणीच्या धनपालशेटनं तंबाखूच्या धंद्यातला पैसा घालून शहापूरच्या माळावर पहिला तंबू ठोकला, तेव्हा तो आण्णाप्पालाच शोधत आला. खेळ मुके होते. पडद्यावर माणसं तोंडं हलवायची आणि मधेच पाट्या यायच्या, इंग्रजी, हिंदी, गुजराती. त्या वाचणार कोण? मग पडद्याच्या एका अंगाला सुबराव पेटी घेऊन बसायचा आणि दुसऱ्या अंगाला आण्णाप्पा, कमरेला उपरणं बांधून, हातात वेताची काठी घेऊन उभा राहायचा. काठीनं दाखवायचा आणि सांगायचा. पहिल्यांदाच आयुष्यात त्याच्यापुढं कोणी नव्हतं. तोच पुढं होता.

लाल गोफणीचा पहिला भाग त्या तंबूत आला आणि माणसं वेडी झाली. तोंडाला फडकं बांधलेला डोंगरातला मेंढपाळ, त्याची ती लाल गोफण, जुलमी किल्लेदार, दरीवरून घोड्याची उडी. उचगाव-कंग्राळीची माणसं जोंधळ्यावरची पाखरं गोफणीनंच राखायची. आपल्या घरातलं हत्यार पडद्यावर किल्ला घेतंय म्हटल्यावर काय विचारता. खेळ उठून गेल्यावर महिनाभर शहापुरात कौलं फुटत होती.

त्या खेळात एक म्हातारी होती. विहिरीवर पाणी शेंदत उभी असते, गोफणवाला घोड्यावरून येतो, ओंजळ धरतो, ती पाणी घालते, तो जातो. संपलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत म्हातारी गेली. पण पहिल्याच खेळाला आण्णाप्पाची काठी तिच्यावर टेकली आणि त्याच्या तोंडून निघालं, "ही त्याची आय. पोरगं पाळन्यात असतानाच किल्लेदारानं हिच्यापास्नं तोडलं. आज तिनं पोटच्या पोराला पानी पाजलं, आनि तिला ठावं न्हाय. त्येलाबी ठावं न्हाय." बायकांच्या कनातीमागून हुंदक्यांचा एक लोट आला. त्यातला एक हुंदका सोनाबाईचा होता.

त्यांचा शामू मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला होता. जयवंता नांदायला येऊन तेव्हा एक दिवाळी झाली होती. लढाई संपली, गल्लीतले दोघे परत आले, एक धड आणि एक पाय ठेवून. शामू आला नाही. मेला असंही कोणी सांगितलं नाही. सापडत नाही, एवढाच निरोप आला. देवानं दार लावून घेतलं असतं तर माणूस डोकं आपटून मोकळं झालं असतं. हे दार त्यानं किलकिलं ठेवलं होतं.

बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. दुसरा भाग आला त्याच वर्षी बारा वर्षं भरली. भाऊबंद येऊन बसायला लागले. आणि त्याच दिवसांत, दुसऱ्या भागाच्या शेवटी, गोफणवाला तुटक्या पुलावरून घोडा घालून धुक्यात नाहीसा झाला. पाटी आली, पुढील भाग लवकरच. तंबूत दिवे लागले. म्हातारी ह्या भागात औषधालाही नव्हती, तरी बायका कनातीमागं बसूनच राहिल्या होत्या.

आता कीर्तनाची एक शिस्त आहे. आख्यान ताटातुटीवर सोडायचं नाही. सापानं डसलेला राजपुत्र उठून बसला पाहिजे, वनात गेलेली राणी घरी आली पाहिजे, मगच आरती. माणसांना रडवावं, पण रडती घरी पाठवू नये. हे आण्णाप्पाच्या रक्तात होतं. पडद्यावरचा खेळ म्हणजे आख्यान नव्हे आणि आपण कीर्तनाला उभे नाही, हे त्याला त्या घडीला सुचलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "उठा आयांनो. डोळं पुसा. पुढच्या भागात माय आनि लेकरू भेटत्यात."

सोनाबाई घरी आली आणि भाऊबंदांना तिनं सांगितलं, "तिसरा भाग येऊ दे. मग बघू."

लोक हसले. मग हसेनासे झाले. कारण हरीच्या नावानं कमर बांधून उभं राहिलेल्या माणसानं दिलेला शब्द, तो खोटा पडतो असं त्या गल्लीत कोणी ऐकलं नव्हतं. मुंबईच्या कंपनीनं मात्र तिसरा भाग काढलाच नाही. वर्षांमागून वर्षं गेली, मुके खेळ गेले, तंबू गुंडाळला. सोनाबाई वाट बघत राहिली. तिच्याबरोबर जयवंताचं कपाळही वाट बघत राहिलं.

धनपालशेटनं आता बेळगावात तंबाखूच्या जुन्या वखारीचं थेटर केलं होतं. वर पत्रा, खिडक्यांना काळे पडदे, मागं इंजिन. तंबाखू जाऊन काळ लोटला तरी तिचा खकाणा भिंतीतून जात नव्हता. खेळ रंगात आला की माणसं शिंकायची. दारात सुबराव सोड्याच्या बाटल्या मांडत बसला होता.

"काय बुवा, तुमचाबी गळा आता खुंटीला?" तो म्हणाला. "माझी पेटी खाटंखाली हाय. उंदरानं भाता खाल्ला. मी आता बाटल्या वाजवतोय. बरं हाय. पेटीनं कधी कुनाला ढेकर आला नव्हता."

आण्णाप्पा हसला आणि आत गेला.

"बर्री बुवा, बर्री." धनपालशेटनं गादीवर हात थापटून जागा दाखवली. म्हातारपणामुळं आता त्याचं निपाणीला जाणं कमी झालं होतं. "मला ठावं हाय कशापायी आलासा. पन बुवा, पेटीवाला सुटला, तबलेवाला सुटला. मुंबैस्नं आवाज डब्यात भरून येतोय. काम पायजे असंल तर दारावर उभं ऱ्हावा, तिकिटं फाडा. तुमाला न्हाय म्हननार न्हाय मी. तुमच्या गळ्यावर माझा तंबू उभा हुता."

"काम नगं सावकार. एक खेळ पायजे. पयला."

"काय करनार?"

"सांगनार. त्यो आवाज हिंदी हाय. आमच्या बायाबापड्यास्नी काय कळतंय?"

सोनाबाईचा तिसरा भाग सगळ्या शहापुराला ठाऊक होता, तसा धनपालशेटलाही ठाऊक होता.

"त्यात ती म्हातारी हाय का न्हाय, मला ठावं न्हाय बुवा. डबं आजून उघडल्यालं न्हाईत."

"नसली तर मी घालतो."

"बोलत्या खेळात?"

"मुक्यात घातलीच की."

धनपालशेटनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "उभं ऱ्हावा," तो म्हणाला. "लोकं ऐकत असली तर बोला. पन लोकांनी बसा म्हटलं, तर बसायचं. तवा माझ्याकडं बघायचं न्हाय."

घरी आल्यावर जयवंतानं त्याला भाकरी वाढली. सोनाबाई शेजारी बायाक्काकडं गेली होती, सगळ्या गल्लीला आवतण द्यायला. जयवंता आता पोर राहिली नव्हती. केसांत रुपेरी धागे दिसायला लागले होते. ती घरात फार बोलायची नाही. बोलली तर कामाचं.

"मामा, एक सांगू?"

"सांग की गं."

"म्हातारीचं तुमी मनानं घातलंसा, ते मला पयल्या दिशीच कळलं हुतं."

आण्णाप्पाचा घास हातात राहिला. "मग बोलली न्हाईस?"

"आत्याबाई त्या दिशी पोटभर जेवल्या. लई दिसांनी." ती चुलीकडं बघत होती. "मी कशाला बोलू? मलाबी बरं वाटलं तवा. पन मामा, आता मला बरं वाटंना झालंय. रोज सकाळी कुंकू लावताना हात थांबतोय. जित्या मानसाचं लावते का मेल्याचं, तेवढं तरी कळाय नगं? माझा भाऊ, भावकू, कंग्राळीस्नं येतोय, गप बसून जातोय. हळदीकुंकवाला बायका मला बोलवावं का नगं म्हनून एकमेकींच्या तोंडाकडं बघत्यात."

"जयवंता..."

"उद्या काय दिसंल ते दिसू द्या, मामा. तुमी आपल्या तोंडानं काय घालू नगा. तेवढं करा माझ्यापायी."

आण्णाप्पानं भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. घरात दोन बायका, आणि दोघींना एकाच माणसाबद्दल दोन वेगळ्या गोष्टी हव्या होत्या. एकीला तो यायला हवा होता. दुसरीला तो कुठंतरी असायला किंवा नसायला हवा होता. आणि ह्यातलं काहीच देणं त्याच्या हातात नव्हतं. हातात होतं फक्त तोंड.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी वखार फुलून गेली. सांबऱ्याच्या गाड्या, उचगावच्या गाड्या, छावणीतले शिपाई, वडगावचे विणकर माग थांबवून आलेले. बायकांची कनात डाव्या अंगाला, पडद्याजवळ. तिच्या अगदी कडेला सोनाबाई बसली होती, नवं इरकली लुगडं नेसून, आणि तिच्या पलीकडं जयवंता. आण्णाप्पा उपरणं बांधून पडद्याच्या कडेला उभा राहिला तशी मागून आरोळी आली.

"बुवा आलं रं. आता रंग भरनार."

"बुवा, गळा आजून शाबूत हाय न्हवं?"

आण्णाप्पानं हात जोडले. मनातल्या मनात पांडुरंगाला नमस्कार केला. त्यानं जयवंताला शब्द दिला नव्हता आणि सोनाबाईला दिलेला शब्द त्याला आठवत होता. म्हातारी दिसो न दिसो, पहिल्याच संधीला तो तिला आणणार होता. एकदा बोललं की झालं. मग डब्यातला आवाज काय वाटेल ते बोलो.

अंधार झाला. इंजिनाची धडधड, पडद्यावर डोंगर, आणि डोंगरातून घोडा आला. वखारीत शिट्ट्यांचा पाऊस पडला. गोफणवाला खाली उतरला, फडकं तोंडाखाली ओढलं आणि बोलला.

आवाज बारीक होता. नाकातला. आण्णाप्पानं इतकी वर्षं त्याला जो आवाज दिला होता तो छातीतून येणारा, खर्जातला, ऐकणाऱ्याच्या पोटात उतरणारा. हा कोण्या कारकुनानं बोलावा तसा होता. आण्णाप्पाला क्षणभर धीर आला. हे कोण ऐकणार?

"ऐका मंडळी," त्यानं सूर लावला. "लाल गोफण डोंगर उतरून आला, आनि त्यानं काय ईचारलं? ईचारलं, माझी आय कुठं हाय..."

"बुवा, जरा थांबा की. ऐकू येईना."

"...किल्लेदारा, माझ्या आयला तू..."

"सुम्न कुंदर्री." मागं कोणीतरी कानडीत दटावलं. गप बसा, असं. दोन-चार जण हसले. आण्णाप्पानं आवाज चढवला. झीलकऱ्याचा गळा तो, मोठमोठ्या बुवांच्या वर गेलेला. पत्र्याखाली तो घुमला आणि पडद्यावरचा बारीक आवाज त्यात बुडाला. तशी सगळी वखार एकदम कुरकुरली.

शिव्या कोणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वडगावचा एक म्हातारा विणकर, त्याच्या प्रत्येक खेळाला आलेला, जागेवरून उठला आणि अगदी मायेनं म्हणाला, "आण्णाप्पा, लई वर्सं तू बोललास बाबा. आता त्येला बोलू दे. त्येच्या तोंडानं ऐकायचंय."

आण्णाप्पानं धनपालशेटकडं पाहिलं नाही. ठरलंच होतं तसं. तो कनातीच्या कडेला खाली बसला, सोनाबाईच्या हाताच्या अंतरावर. काठी आडवी मांडीवर ठेवली.

त्या नाकातल्या आवाजावर माणसं जीव टाकून होती. हिंदी कळो न कळो. जे तोंड हलत होतं त्याच तोंडातून आवाज येत होता. एवढंच पुरे होतं. ह्यापुढं छातीतला खर्ज काय करणार?

खेळ पुढं सरकला. किल्लेदाराची माणसं, एक नाचणारी बाई, धाकटा एक विनोदी गडी. आणि मग नदी आली. पहाटेची वेळ. गोफणवाला गुडघाभर पाण्यात उभा. तोंडावरचं फडकं नव्हतं, डोक्यावर केस नव्हते. मुंडण केलेलं. शेजारी काठावर केळीच्या पानावर पिंड मांडलेले. त्यानं ओंजळ भरली, तीळ घातले, आणि अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं.

ते पाणी कसं सोडतात ते वखारीतल्या प्रत्येकाच्या घरात माहीत होतं. त्याला हिंदी लागत नव्हतं.

गोफणवाल्यानं काहीतरी म्हटलं. त्यातला एकच शब्द सगळ्यांना कळला, कारण तो कळायला कुठलीच भाषा लागत नाही.

सोनाबाईनं कनातीच्या कापडाला धरलं आणि हळूच विचारलं, "अवं, कुनाला पानी सोडतोय त्यो?"

आण्णाप्पाजवळ उत्तर तयार होतं. बापाला, म्हणून सांगायचं. बाप मेला, आता आईचा शोध घ्यायला निघतोय. किती सोपं होतं. जिभेच्या टोकावर होतं. एका शब्दाचं काम होतं, आणि उरलेला खेळ त्या शब्दावर त्यानं सहज तोलून धरला असता. त्यानं मान वळवली. सोनाबाईच्या पलीकडून जयवंता त्याच्याकडं बघत होती. विनवत नव्हती, दटावत नव्हती. नुसती बघत होती, दळण संपायची वाट बघावी तशी.

"आईला," आण्णाप्पा म्हणाला.

सोनाबाईनं मान हलवली. मध्यंतर झालं, सुबरावनं आपणहून एक बाटली फोडून तिच्या हातात दिली, ती तिनं प्याली. मग उरलेला खेळ तिनं शेवटपर्यंत पाहिला. किल्ला पडला, नाचणारी बाई गोफणवाल्याच्या मागं घोड्यावर बसली, लोकांनी टोप्या उडवल्या. ती लोकांबरोबर उठली, पदर सारखा केला आणि बाहेर आली.

उन्हं अजून होती. शहापूरच्या वाटेला लागल्यावर आण्णाप्पाला राहवलं नाही.

"सोने, त्यो खेळ हाय. मुंबैच्या कंपनीनं पैशापायी काढल्याला. त्येचं काय मनावर घेतीस?"

"खेळच हाय की," सोनाबाई म्हणाली. "तुमी सांगितलासा, तवाबी खेळच हुता."

थोडं अंतर गेल्यावर तीच म्हणाली, अगदी शांतपणे, बाजारातलं काही सांगावं तसं, "माझं एक चुकलं. मी आपली त्यो जिता हाय का मेला, हेच धरून बसले. त्यो तिकडं जिता आसंल, आनि त्येनं मला मेली म्हनून धरलं आसंल, हे मला सुचलं न्हाय. इतकी वर्सं. कुनी सांगितलं आसंल त्येला, तुझी आय गेली म्हनून. पानीबी सोडलं आसंल कुठल्या नदीत. मग त्यो कशाला येतोय घरला? घरात हाय कोन त्येचं?"

"असं नगं बोलू गं."

"त्येनं मला सोडलं. आता मीबी सोडते. भटजीस्नी निरोप द्या." ती थांबली, मागं वळली. जयवंता दहा पावलं मागून येत होती. "आनि त्या पोरीची माफी मागायला पायजे. पन ती कशी मागत्यात, मला ठावं न्हाय."

तिनं ती मागितली नाही. त्या घरात तसली भाषा नव्हती. जयवंतानं त्या संध्याकाळी सासूच्या पायांना खोबरेल तेल चोळलं, एवढंच.

मार्कंडेय नदीच्या काठाला, कंग्राळीच्या अंगाला, अमावस्येच्या दिवशी पुतळा झाला. पळसाची पानं भावकूनं आणली. भटजींनी दर्भानं ती बांधली, धड, हात, पाय, आणि डोक्याच्या जागी नारळ ठेवला तेव्हा तो माणसासारखा दिसायला लागला. बापानं लेकाला अग्नी द्यायचा, ही उलटी गंगा. आण्णाप्पानं ते सगळं सांगितलं तसं केलं.

"नाव घ्या," भटजी म्हणाले. "तीनदा. मोठ्यानं."

ज्या गळ्यानं तंबूतल्या शेवटच्या रांगेतला बहिराही जागा केला होता, त्या गळ्यातून पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा अर्धं नाव आलं. मग मागं उभ्या असलेल्या सुबरावनं हात जोडले आणि भाऊबंदांनी नाव उचललं, धृपदासारखं. शामराव, शामराव. बुवांचा दम पुरत नाही तेव्हा मागच्यांनी धरायचं असतं. तिसऱ्यांदा आण्णाप्पाच्या तोंडून नाव त्यांच्या आवाजात मिसळून कसंबसं बाहेर पडलं. पानं ओली होती. जळायला वेळ लागला.

घरी रीतीप्रमाणे बायाक्काला बोलावून ठेवलं होतं. गल्लीतली सगळ्यांत जुनी विधवा ती. असली कामं तिच्याकडं असत. ती परसदारी दगड घेऊन बसली होती. पण जयवंता आतून आली तेव्हा तिला करायला काही उरलं नव्हतं. पोरीनं आपलं आपण सगळं करून टाकलं होतं, कधी ते कुणी पाहिलं नाही. कपाळही पुसलेलं होतं. बायाक्का दगड तिथंच ठेवून उठली आणि तिला पोटाशी धरून उभी राहिली.

सुतक फिटल्यावर धनपालशेटचा निरोप आला, दारावर उभं राहायला कधीही या. आण्णाप्पानं होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो ओट्यावर बसून राहिला. मागावर बसायला त्याचा हात उचलेना. मागावरचं लुगडं अर्धं राहिलं होतं, आणि व्यापारी दोनदा येऊन गेला होता.

चौथ्या दिवशी सकाळी आतून मागाचा ठोका ऐकू आला. त्यानं वाकून पाहिलं. जयवंता खड्ड्यात पाय सोडून बसली होती, पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचून. तिच्या हाताला मागाची सवय नव्हती, पण ती चुकत नव्हती. आण्णाप्पा परत ओट्यावर येऊन बसला.

त्या घरात ती काहीही करो, कांड्या भरो, भांडी घासो, दळण दळो, तिच्या कामामागं बांगड्यांचा आवाज असायचा. इतका रोजचा, की तो कधी कुणाच्या कानावर पडला नव्हता. आण्णाप्पा भिंतीला टेकला आणि त्यानं कान दिला. धोटा गेला, ठोका पडला. धोटा आला, ठोका पडला. दोन ठोक्यांच्या मधे काहीच नव्हतं. आतून सोनाबाई म्हणाली, "सावकाश गं, ताना तुटंल," आणि मग पुन्हा नुसता माग चालू राहिला.